दारातली आई

नांदेडच्या डॉक्टरांनी लांबलचक कागदाची घडी टेबलावर उलगडली आणि एका जागी पेनाचं टोक टेकवलं. म्हणाले, "हे बघा, इथं." मला काय दिसणार? मी टेलर. रेघ सरळ आली नाही की माझं डोकं फिरतं, आणि इथं माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या डोक्यातून निघालेल्या रेघा मध्येच करवतीच्या दातांसारख्या झाल्या होत्या.

"याला कॉम्प्लेक्स पार्शियल सीझर म्हणतात," डॉक्टर म्हणाले. सीझर म्हणजे झटका, आपण फिट म्हणतो ती. पण ही हातपाय झाडणारी फिट नव्हे. मेंदूच्या एका कोपऱ्यात झटका येतो. लेकरू डोळे उघडे ठेवून समोर बसलेलं असतं आणि तरी ते तिथं नसतं.

मग त्यांनी विचारलं, "आठवड्यातून किती वेळा होतं?"

"माझ्याकडं असते तवा दोन-तीनदा, साहेब."

"तुमच्याकडे असते तेव्हा, म्हणजे?"

मी सांगितलं. प्रज्ञा आठवडाभर तिच्या आईकडे औंढ्याला असते, शनिवार-रविवार माझ्याकडे गोरेगावला. आम्ही नवराबायको वेगळे झालोय.

"मग आईकडे असताना काय होतं?"

"म्हाईत न्हाई, साहेब."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "तुम्ही मला दोन दिवसांची मुलगी दाखवायला आणलीय. उरलेली पाच दिवसांची कुठंय? परवा तिच्या आईला घेऊन या, मग गोळी लिहितो. तोवर हिला एकटं सोडू नका."

ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. ज्यांचं एकच लेकरू दोन घरांत वाढतंय त्यांनी तर जरूर वाचावं. आम्ही जो गाढवपणा केला तो तुम्ही करू नका, एवढंच.

हिंगोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. माझं दुकान गोरेगावच्या बाजारात. पुढं दोन मशिनी, मागं घर. सुजाता, माझी बायको, औंढ्याला प्राथमिक शाळेत शिक्षिका. भांडणं कशावरून झाली ते सांगत बसत नाही. दोघांनाही जीभ होती आणि दोघांनाही ती आवरत नव्हती. दोन्हीकडची मोठी माणसं बसली, वकिलानं कागद केला. मुलगी कधी कुणाकडे, शाळा कोणती, दिवाळीची सुट्टी कुणाकडे, कपडे कुणी करायचे, सगळं लिहिलं. लेकरू आजारी पडलं तर काय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

शनिवारी दुपारी हिंगोलीच्या बसस्टँडवर मुलगी माझ्या हातात यायची. रविवारी संध्याकाळी तिथंच मी परत द्यायचो. सुजाता तिचा एक हात सोडायची, मी दुसरा धरायचो. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. निरोप द्यायचा तर मुलीकरवी. "बाबाला सांग, सर्दी झालीय." समोर उभा असलेल्या बाबाला!

पहिल्यांदा झालं ते एका शनिवारी, चार-साडेचारच्या सुमारास. मी मशिनीवर होतो. प्रज्ञा पायाशी चिंध्या निवडत बसली होती, लाल एकीकडे, निळ्या एकीकडे. काहीतरी सांगत होती आणि वाक्याच्या मध्येच थांबली. मी वळून पाहिलं. तिची मान दाराकडं वळली होती. ओठ चाखत असल्यासारखे हलत होते आणि बोटं एकाच चिंधीला चोळत होती, चोळतच होती. डोळे दारावर. मी हाक मारली. पापणीसुद्धा हलली नाही.

मिनिटभरानं तिनं मोठा श्वास घेतला. म्हणाली, "बाबा, दूध करपलं का?"

घरात दूध तापतच नव्हतं. मी म्हणालो, "न्हाई. काहून?"

"वास आला. अन मंग आई आलती. दारात उभी होती."

मी उठून दारात गेलो. रस्त्यावर ऊन, एक जीप सेनगावच्या सवाऱ्या भरत होती. कुणी नव्हतं.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. आधी करपलेल्या दुधाचा वास, मग दारात आई. "बोलली का काही?" मी विचारलं. "न्हाई. नुसती उभी राहते. हिरवं लुगडं नेसून." सुजाताकडे हिरवी साडी होती. मीच घेतलेली.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा की बाई खरंच येत असणार. कागद मोडून, चोरून, माझं घर बघायला. मी शेजारच्या दुकानदाराला लक्ष ठेवायला सांगितलं. जीपवाल्यांना विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. मग दुसरा विचार आला, की तिच्या रूपात दुसरंच काही येतंय, आणि तो दिवसाढवळ्या अंगावर काटा आणणारा होता. मी दाराकडं पाठ करून बसेनासा झालो. मशीन फिरवून दाराकडं तोंड केलं. एकदा प्रज्ञाचे डोळे तिकडं लागलेले असताना मी त्या रिकाम्या दाराला विचारलं, "कोन हाय?" माझ्याच आवाजाला मी दचकलो.

आम्ही बौद्ध. अंगारेधुपारे आमच्या घरातून वडिलांनीच हद्दपार केलेले. तरी एका गिऱ्हाइकानं कानात सांगितलं आणि मी मशिनीखाली लिंबू ठेवलं. झाडताना ते माझ्या आईच्या हाती लागलं. म्हातारीनं ते माझ्यासमोर धरलं.

"हे काय?"

मी मशिनीत दोरा ओवायला लागलो.

"बापानं तुझ्या सगळे देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले अन तू लिंबू ठेवून राहिलास? लेकराला तकलीफ हाय. डागदर दाखव."

लिंबाचं तिनं सरबत केलं आणि मलाच पाजलं. पण डॉक्टरकडे जायला मला त्यानंतरही तीन शनिवार लागले. काय सांगणार होतो? मुलीला तिची आई दिसते म्हणून?

मग तो शनिवार आला. मी पँटची लांब शिवण घालत होतो. प्रज्ञा मशिनीला टेकून उभी होती. म्हणाली, "वास आला." माझे डोळे लगेच दाराकडं गेले. पाय चालतच होते. सांगायला लाज वाटते, पण मी मुलीकडे न बघता दाराकडं बघत होतो, आज तरी मला दिसते का म्हणून. तेवढ्यात शिवणीचा आवाज बदलला. खाली पाहिलं तर कापड चोळता चोळता तिचं बोट सुईखाली आलं होतं. सुई नखातून आरपार गेली होती.

ती रडली नाही. सुई बोटात, रक्त कापडावर, आणि ती दाराकडं बघून ओठ हलवतेय. मी चाक उलटं फिरवून सुई काढली, बोट दाबून धरलं, तिच्या नावानं ओरडलो. बऱ्याच वेळानं तिचे डोळे माझ्यावर आले, मग बोटावर गेले आणि तेव्हा कुठं तिनं किंकाळी फोडली.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी पट्टी केली. जखमेपेक्षा ती रडली नाही हे त्यांना जास्त विचित्र वाटलं. पुन्हा पुन्हा तेच विचारलं आणि नांदेडची चिठ्ठी दिली. रविवारी मी मुलगी परत केली नाही. बसच्या कंडक्टरकडे औंढ्याला निरोप पाठवला की तिला ताप आहे, सोमवारी आणतो. खोटं होतं. सोमवारी नांदेड गाठलं. ईईजी केला. ईईजी म्हणजे डोक्याला चिकट मलम लावून वायरी चिकटवतात आणि मेंदूत चाललेलं कागदावर उतरतं. दुखत नाही. लेकराला आधीच सांगून ठेवा, नाहीतर वायरी बघून घाबरतं. सीटी स्कॅनही केला, म्हणजे डोक्याचा आतला फोटो. गाठ वगैरे काही नव्हती. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन तास मी कसे काढले ते माझं मला माहीत.

संध्याकाळी हिंगोली स्टँडवर सुजाता उभी होती. रागानं लाल झालेली.

"ताप आलेलं लेकरू बसनं फिरवता? उद्याच वकिलाकडं जाते मी." बोलता बोलता तिला बोट दिसलं आणि ती थांबली.

वेगळं झाल्यापासून पहिल्यांदा मी थेट तिच्याशी बोललो. वास, चिंधी, दार, सुई, सगळं सांगितलं. तू दारात दिसतेस, हेही सांगितलं. ती चिडेल, हसेल असं वाटलं होतं. ती बाकड्यावर बसली.

"माझ्याकडं मी दिसत न्हाई तिला," ती हळू म्हणाली. "माझ्याकडं मशीन चालते."

"कोन्ती मशीन?"

"तुमची. शाळेतून आलं की बसल्या बसल्या थांबते अन म्हणते, बाबा शिवायलेत. मला वाटलं तुमीच शिकवून पाठवता. मारलंय मी तिला त्याच्यावरून." तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "अन खरं सांगू? मागच्या महिन्यापासून मला बी ऐकू यायली. दुपारच्याला. घरमालकाला विचारलं, आसपास कुनाकडं मशीन न्हाई."

भर गर्दीच्या स्टँडवर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. मला त्या घडीला डॉक्टर आठवले नाहीत, ते लिंबू आठवलं.

दोघं मिळून गेलो तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. कानाच्या आतल्या बाजूला मेंदूचा टेम्पोरल लोब नावाचा भाग असतो. आवाज, वास, आठवणी यांचं ते कोठार. झटका तिथं सुरू होतो, तेव्हा कोठारातलं काहीतरी बाहेर सांडतं. त्याला ऑरा म्हणतात, झटक्याची वर्दी. करपलेलं दूध ही तिची वर्दी. हात आपोआप चाळा करतात त्याला ऑटोमॅटिझम म्हणतात.

"पण साहेब, माझ्याकडं आईच काहून दिसती? अन हिच्याकडं माझी मशीनच काहून?"

डॉक्टरांनी रेघांच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "झटका कुठून येतो ते मी सांगू शकतो. ती तेव्हा कुणाला बघते ते मला विचारू नका."

आणि सुजाताला ऐकू येणारी मशीन? "ताई, तुम्ही वाट बघत होता. वाट बघणाऱ्याला ऐकू येतं." मला हे पटलं. सुजाताला किती पटलं, मी विचारलं नाही.

गोळी लिहून दिली, कार्बामाझेपिन. सकाळी आठ, रात्री आठ. एकही चुकवायची नाही, मनानं बंद करायची नाही, विहिरीजवळ आणि चुलीजवळ एकटं सोडायचं नाही. चिठ्ठी एकच होती. मी मेडिकलच्या पायरीवर खिशातल्या कात्रीनं गोळ्यांची पट्टी मधोमध कापली, अर्धी तिला, अर्धी मला. काम झाल्यासारखं वाटलं. आम्ही पुन्हा बोलणं बंद केलं.

आता गाढवपणा ऐका.

सुजाताला खात्री होती की दुकानाच्या गडबडीत मी रात्रीची गोळी विसरणार. म्हणून शनिवारी ती दुपारीच, बसमध्ये, रात्रीची गोळी देऊन मोकळी व्हायची. मला खात्री होती की मशीन ऐकणारी बाई गोळीवर विश्वास ठेवणार नाही. म्हणून रविवारी निघताना मीही तेच करायचो. आणि ज्याच्या घरी रात्र व्हायची तो आठ वाजता नेमानं परत द्यायचा.

महिनाभरात प्रज्ञा झुलत चालायला लागली. एका शनिवारी रात्री जेवताना ताटावरून मान वर करून माझ्याकडं बघत राहिली. "बाबा, तुमी दोन हाव."

"आँ?"

"एक हितं बसलाय. एक तुमच्या डाव्या बाजूला. दोघं बी जेवायलेत."

मी हातातला घास ताटात ठेवला. पुढं कळलं की याला डिप्लोपिया म्हणतात. गोळी जास्त झाली की एकाचे दोन दिसतात. पण त्या रात्री मी माझ्या डाव्या बाजूला सरकायला धजलो नाही.

सकाळी तिच्या शाळेच्या बस्त्यातली, आईकडून आलेली गोळ्यांची पट्टी मोजली आणि माझ्या ध्यानात आलं, बाई आधीच देऊन पाठवते. सरळ विचारायचं ना? नाही. मी मनाशी ठरवलं, शनिवारी रात्री आपण द्यायची नाही. आणि औंढ्यात तिनंही गोळ्या मोजल्या आणि मनाशी ठरवलं, शनिवारी दुपारी द्यायची नाही, हे रात्री देतातच; रविवारी रात्रीही नाही, हे आधीच देऊन पाठवतात. मीही रविवारची आगाऊ गोळी सोडली, म्हटलं रात्री तीच देईल. दोन शहाणे दोन गावांत बसून एकाच वेळी सुधारले. शनिवार-रविवार मुलीला रात्रीची गोळी कुणीच देईना.

दुसऱ्याच रविवारी, संध्याकाळी, हिंगोली स्टँड. सुजातानं प्रज्ञाचा एक हात धरला होता, मी दुसरा अजून सोडला नव्हता. मुलगी म्हणाली, "वास आला." तिचे डोळे आमच्या दोघांच्या मधून कुठंतरी गेले. आणि या वेळी ती नुसती थांबली नाही. मान मागं गेली, अंग लाकडासारखं ताठ झालं आणि आमच्या दोघांच्या हातांत झटके येऊ लागले. मोठी फिट.

गर्दी जमली. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं. मी चप्पल काढलीसुद्धा.

"ठेवा ती खाली!" सुजाता ओरडली. "कुशीवर करा तिला. तोंडात काही घालू नका. घड्याळ बघा, घड्याळ!"

नांदेडच्या डॉक्टरांनी हे सगळं दोघांनाही सांगितलं होतं. मला त्यातलं काहीही आठवलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात इंजेक्शननं झटका थांबला. ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाई अगदी तरुण, माझ्या पुतणीच्या वयाच्या होत्या. त्यांनी केसपेपर पुढं ओढला. "कालची रात्रीची गोळी कुणी दिली?"

मी सुजाताकडं पाहिलं. सुजातानं माझ्याकडं पाहिलं.

"आई, तुम्ही दिली?"

"न्हाई. मला वाटलं..."

"बाबा, तुम्ही?"

मीही नाही म्हणून मान हलवली.

"म्हणजे आईवडील दोघं जिवंत असताना हिला कुणीच दिली नाही," बाई म्हणाल्या आणि तसंच लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीन दिवस ती वॉर्डात होती. पलंगाच्या एका बाजूला सुजाता, एका बाजूला मी. पहिला दिवस आम्ही सलाइनचे थेंब बघण्यात काढला. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "चूक माझी हाय." ती म्हणाली, "अर्धीच." आणि पिशवीतून वही काढून रेघा मारायला लागली. शाळेच्या हजेरीसारख्या. आडवे दिवस, उभ्या वेळा, प्रत्येक चौकोनात सही. खाली एक ओळ लिहिली: दिवेलागणीला मुलगी ज्याच्याजवळ, रात्रीची गोळी त्याची. वेळेआधी कुणी द्यायची नाही. शेवटचा रकाना झटक्याचा: किती वाजता, कुठं बघत होती, कोण दिसलं.

ती वही मुलीच्या बस्त्यात दोन्ही घरांमध्ये फिरली. एकापाठोपाठ अशा पाच वह्या भरल्या. सुरुवातीला तिच्या अक्षरात 'मशीन' आणि माझ्या अक्षरात 'दार' असं असायचं. मग आठवड्याला एकदा, मग महिन्याला. मग शेवटचा रकाना रिकामाच राहायला लागला. सुजातानं एकदा त्या रकान्यात लिहून पाठवलं, 'मलाही आता ऐकू येत नाही.' मी खाली सही केली.

खरं सांगतो, मुलगी बरी होत होती याचा मला आनंद होता, आणि तरी शनिवारी चार-साडेचारला माझे डोळे दाराकडं जायचे. दार रिकामं असायचं. ते मला आवडायचं नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं करा. लेकराचं बोलणं खोटं धरू नका, ते कितीही विचित्र असो. वेळ लिहून ठेवा. आणि ताबा कुणाचा हे कागदावर लिहाल तेव्हा गोळी कुणाची हेही लिहा. त्या नांदेडच्या डॉक्टरांचे, केसपेपरवर खरं ते लिहिणाऱ्या बाईंचे आणि लिंबाचं सरबत करणाऱ्या माझ्या आईचे उपकार फिटणारे नाहीत.

झटक्याशिवाय तीन वर्षं गेल्यावर ईईजी पुन्हा केला. रेघा शांत होत्या. डॉक्टरांनी सहा महिन्यांत गोळी हळूहळू कमी करत बंद केली. पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून बघा म्हणाले. म्हणून पहिल्या बिनगोळीच्या शनिवारी सुजातानंही गोरेगावला यायचं ठरलं. वेगळं झाल्यापासून तिनं त्या घरात पाय ठेवला नव्हता. वर्गाची तपासणी असल्यानं प्रज्ञाला त्या दिवशी मीच औंढ्याहून आणलं, सुजाता संध्याकाळच्या जीपनं येणार होती. प्रज्ञाला आम्ही मुद्दाम काही सांगितलं नव्हतं, उगाच मनावर ताण नको.

दुपार कलली होती. प्रज्ञा आता अकरा वर्षांची. माझ्याशेजारी बसून सदऱ्याला गुंड्या लावत होती. मी मशिनीवर. ती शाळेतलं काहीतरी सांगत होती आणि वाक्याच्या मध्येच थांबली.

माझे पाय थांबले. तिची मान दाराकडं वळली होती. सुई धरलेला हात तसाच वर. मी दाराकडं बघितलं नाही. या वेळी मी तिच्याकडं बघितलं, तिच्या ओठांकडं, बोटांकडं. काही हलत नव्हतं.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, दारावरची नजर न काढता. "दारात आई हाय. तुमाला बी दिसायली का?"

मी वळलो. उंबऱ्याबाहेर उन्हात सुजाता उभी होती. लवकरची जीप मिळाली असावी. आत यावं की नाही या विचारात, काही न बोलता, नुसती उभी.

"व्हय," मी म्हणालो. "मला बी दिसायली."

प्रज्ञानं सुई कापडात टोचून ठेवली, उठली, दारापर्यंत गेली आणि आधी तिच्या पदराला हात लावून पाहिला.